दोन शब्दांमधील अंतर

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांचे निमंत्रण आले तेव्हा आम्ही प्रथम नकारच कळविला होता. या व्यासपीठावर आजवर डॉक्टर बोलले, वकील बोलले, परदेशी राहून आलेले अभियंते बोलले. आमचे शिक्षण म्हणाल तर १९७४ सालची जुन्या अकरावीची शालान्त परीक्षा, म्हणजे ज्याला आपले वडीलधारे मॅट्रिक म्हणत तेवढेच. त्यापुढे अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि छत्तीस वर्षे मुलांना इंग्रजी शिकविण्यात घालविली. परंतु चिटणीस म्हणाले, “गुरुजी, जे शिकवीत होता तेच सांगा.” म्हणून आज इंग्रजीतील शब्दांच्या काही जोड्या घेऊन आपल्यापुढे उभे आहोत. एकमेकांसारखे दिसणारे, एकमेकांसारखे ऐकू येणारे, किंवा मराठीत एकाच शब्दाने भागविले जाणारे हे जोडशब्द. विषय शाळकरी आहे खरा. पण त्यापायी आमच्या स्वतःच्या घरावर काय प्रसंग आला तेही सांगणार आहोत. तो ऐकल्यावर हा विषय केवळ शाळकरी नाही, असे आपणही म्हणाल अशी आशा आहे.

प्रारंभ आपल्या धंद्यापासूनच करू. इंग्रजीत ‘क्लॉथ’ असा एक शब्द आहे आणि ‘क्लोद्ज’ असा दुसरा. मुले या दोहोंत नेहमी गोंधळतात. ‘क्लॉथ’ म्हणजे ताग्यातले कापड. ‘क्लोद्ज’ म्हणजे अंगात घालावयाचे कपडे. आम्ही वर्गात सांगत असू, की या दोन शब्दांच्या मध्ये शिंपी उभा आहे. त्याने कात्री चालविली नाही तर पहिल्याचे दुसरे होतच नाही. आपली सारी ज्ञाती पिढ्यान्‌पिढ्या या दोन शब्दांमधील अंतरातच नांदत आली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरी जोडी ‘फिट’ आणि ‘सूट’ यांची. सदरा अंगाला बरोबर बसला, खांद्यावर ओढत नाही, बाहीत आखूड नाही, तर तो ‘फिट’ झाला. त्याचा रंग, त्याची घडण माणसाला शोभली, तर तो ‘सूट’ झाला. एखादा सदरा पहिल्या कसोटीस उतरेल आणि दुसऱ्या कसोटीस उतरणार नाही. आमचे वडील मॅट्रिकच काय, चौथीच्या पुढेही गेले नव्हते; परंतु गिऱ्हाइकाला ते सांगत, “बसेल बरोबर, पण तुम्हाला खुलणार नाही.” दोन इंग्रजी शब्दांतील भेद त्यांनी ‘बसणे’ आणि ‘खुलणे’ या दोन मराठी शब्दांत किती नेमका पकडला होता, हे आम्हाला पुढे शिक्षक झाल्यावर उमगले.

‘टेलर’ हा शब्दही ऐकण्याजोगा आहे. तो जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला आणि त्याचा मूळ अर्थ कापणारा. शिवणारा नव्हे, कापणारा! किरकोळ विक्रीला आपण ‘रिटेल’ म्हणतो; तो शब्दही त्याच कापण्याच्या धातूपासून निघाला, कारण किरकोळ दुकानदार माल तुकडे करून विकतो. बारीकसारीक तपशिलाला ‘डिटेल’ म्हणतात. तोही त्याच घरचा, तुकडे तुकडे करून सांगणे या अर्थाचा. टेलर, रिटेल, डिटेल ही तीन भावंडे आहेत. एका कात्रीतून निघाली आणि तीन घरी नांदली.

येथे कोणी विचारील, की इंग्रजीत इतके जोडशब्द झाले तरी कसे? त्याचे एक मोठे कारण इतिहासात आहे. १०६६ साली फ्रान्सच्या उत्तरेकडील नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर दीर्घकाळ दरबाराची, न्यायाची आणि सरदारांच्या पंगतीची भाषा फ्रेंच राहिली. शेतात आणि गोठ्यात जुनी इंग्रजीच बोलली जात होती. म्हणून गोठ्यातले मेंढरू ते ‘शीप’ आणि ताटात आले की ‘मटन’. उकिरड्यावरचे डुक्कर ते ‘पिग’ आणि ताटात ‘पोर्क’. जनावर पाळणाऱ्याचा शब्द वेगळा, खाणाऱ्याचा वेगळा! पुढे लॅटिनमधूनही शब्द आले आणि एकेका अर्थाला दोन-दोन, तीन-तीन नावे झाली. भाषेला मात्र फुकट पोसणे मानवत नाही. दोन शब्द एका अर्थाला राहिले की हळूहळू प्रत्येकाच्या वाट्याला वेगळे काम येते. आपल्याकडेही ‘पाणी’ आणि ‘जल’ हे दोन शब्द आहेतच. पण तहान लागली असता ‘जल द्या’ असे कोणी म्हणत नाही, आणि देवाच्या अभिषेकाला ‘गंगाजल’च लागते.

आता वर्गातील काही नित्याच्या जोड्या थोडक्यात सांगून पुढे जातो. ‘लेंड’ म्हणजे उसने देणे, ‘बॉरो’ म्हणजे उसने घेणे. मराठीत ‘उसने’ हा शब्द दोन्हीकडे असल्याने आपली मुले देणाऱ्याला घेणारा करून टाकतात. ‘इकॉनॉमिक’ म्हणजे आर्थिक, ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे काटकसरीचे. सरकारची आर्थिक धोरणे काटकसरीची असतीलच असे नाही, हे आपण जाणताच. ‘हिस्टॉरिकल’ म्हणजे इतिहासाशी संबंध असलेले काहीही, ‘हिस्टॉरिक’ म्हणजे इतिहासात ज्याला स्थान मिळावे असे. जुना ताम्रपट हा पहिल्या प्रकारचा. १५ ऑगस्ट १९४७ हा दिवस दुसऱ्या प्रकारचा. ‘कंटिन्युअस’ म्हणजे मध्ये खंड न पडणारे, ‘कंटिन्युअल’ म्हणजे थांबून थांबून पुन्हा पुन्हा होणारे. कोकणात रात्रभर लागून राहिलेली संततधार पहिल्या शब्दाची. श्रावणातील ऊन-पावसाचा खेळ दुसऱ्याचा.

‘स्टेशनरी’ या शब्दाची गंमत अशी, की तो दोन प्रकारे लिहितात. शेवटच्या अक्षरांत ‘ए’ असेल तर अर्थ स्थिर, न हलणारे. ‘ई’ असेल तर कागद, लेखणी, दौत इत्यादी. मूळ मात्र एकच. मध्ययुगात युरोपात बहुतेक विक्रेते गावोगाव फिरत. ग्रंथ आणि कागद विकणारा एका जागी बैठक घालून बसे, म्हणून तो ‘स्टेशनर’. लंडनमधील या लोकांच्या संस्थेला १५५७ साली राजाज्ञेची सनद मिळाली. म्हणजे त्यांचेही एक व्यवसायमंडळ होतेच!

‘प्रिन्सिपल’ या उच्चाराचेही तसेच दोन शब्द आहेत. एकाच्या अंती ‘पी-ए-एल’ येते. त्याचे अर्थ मुख्य, शाळेचा मुख्याध्यापक, आणि कर्जातले मुद्दल. दुसऱ्याच्या अंती ‘पी-एल-ई’ येते. त्याचा अर्थ तत्त्व. आम्ही फळ्यावर दोन्ही शब्द लिहून मुलांना सांगत असू, “बाळांनो, पहिला गेला तर पुन्हा मिळविता येतो, दुसरा गेला तर मिळत नाही.” मुले हसत. आम्हीही हसत असू. त्याच मुद्दलाने आम्हाला एके दिवशी रडविले, तो प्रसंग आता सांगतो.

नोकरीला दहा-बारा वर्षे झाली होती. एके दिवशी मधल्या सुट्टीत आमच्या एका सहकाऱ्याने छापील कागद पुढे केला. त्यांच्या घरी आजारपण होते आणि पतपेढीतून कर्ज काढावयाचे होते. ते म्हणाले, “गुरुजी, नुसती सही करा. साक्षीपुरती.” कागद इंग्रजीत होता. सहीच्या जागेवर ‘श्युअरटी’ असा शब्द होता. आम्ही इंग्रजीचे शिक्षक! ‘श्युअर’ म्हणजे खात्री हे आम्हाला ठाऊक. तेव्हा ‘श्युअरटी’ म्हणजे अर्जदाराची ओळख पटल्याची खात्री देणारा, असा अर्थ आमचा आम्हीच बसविला आणि सही ठोकली. कागदाच्या तळाशी ‘विटनेस’ असा निराळा शब्द आणि निराळी जागा होती, तिकडे आमची दृष्टीही गेली नाही.

‘विटनेस’ म्हणजे साक्षीदार. समोर सही झाली, एवढेच तो सांगतो. ‘श्युअरटी’ म्हणजे जामीनदार. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १२८ वे कलम असे आहे, की करारात वेगळे ठरले नसल्यास जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. धनकोने आधी ऋणकोच्या मागे लागावे आणि तेथे काही न मिळाल्यास मग जामीनदाराकडे यावे, असेही बंधन नाही. तो सरळ जामीनदाराचे दार ठोठावू शकतो. हे सारे आम्ही वाचले, पण केव्हा? हप्ते थकले आणि आमच्याच पगारातून कापणी सुरू झाली तेव्हा.

ती कापणी सव्वीस महिने चालली. घरात दोन लहान मुले, वडिलांचे डोळे अधू झाल्यामुळे त्यांचे यंत्र बंद पडलेले. दुसऱ्याच महिन्यात आमच्या सौभाग्यवतींनी हातांतल्या पाटल्या काढून आमच्यापुढे ठेवल्या आणि एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या पाटल्या सोडवून आणावयास तीन वर्षे लागली. सहकाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांची पत्नी त्या आजारात गेली, आणि त्यांना स्वतःला तरी त्या शब्दाचा अर्थ कितपत ठाऊक होता, देव जाणे. दोष आमचा होता. अर्थ माहीत नव्हता हा दोष नव्हे. माहीत नसताना माहीत आहे असे समजलो, हा दोष. वडिलांना ही गोष्ट कळली तेव्हा ते एवढेच म्हणाले, “कापड कापण्याआधी विचारायचे असते रे. कापल्यावर विचारून चिंधीच उरते.”

त्या दिवसापासून आम्ही कागदावरचे शब्द वेगळ्या नजरेने वाचू लागलो. आपल्या ज्ञातिबंधूंच्या घरी नित्य येणाऱ्या दोन जोड्या येथे सांगणे आवश्यक वाटते.

पहिली जोडी ‘लीज’ आणि ‘लायसन्स’. आपल्यापैकी अनेकांची दुकाने भाड्याच्या गाळ्यांत आहेत. दोन्ही प्रकारांत दरमहा पैसे द्यावयाचे, दोन्ही प्रकारांत जागा वापरावयाची. म्हणून आपण दोहोंना सरसकट ‘भाड्याने घेतली’ म्हणतो. परंतु ‘लीज’ म्हणजे भाडेपट्टा; त्यात जागेच्या उपभोगाचा हक्कच ठरावीक मुदतीपुरता आपल्याकडे येतो. ‘लायसन्स’ म्हणजे केवळ परवानगी. ती नसती तर आपला तेथील वावर बेकायदा ठरला असता, एवढाच तिचा अर्थ. पहिल्याची व्याख्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात आहे, दुसऱ्याची सुविधाधिकारांच्या कायद्यात. दोन्ही कायदे १८८२ चेच. शिंप्याच्या भाषेत सांगावयाचे तर भाडेपट्टा ही पक्की टीप आहे आणि परवानगी हा धावदोरा. दुरून दोन्ही शिवणच दिसतात. ओढून पाहिले म्हणजे फरक कळतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली सांगितले, की कागदाला नाव कोणते दिले यावर न जाता त्यातील आशय पाहावा. मुंबईच्या जुन्या भाडेकायद्यात दुरुस्ती होऊन, १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा परवाना चालू होता आणि जे जागेत राहत होते त्यांना भाडेकरू मानले गेले. एका तारखेने किती कुटुंबांचे छप्पर वाचले! आजच्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाप्रमाणे, जो १९९९ चा असून ३१ मार्च २००० पासून अमलात आला, असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी जागामालकावर आहे. तेव्हा “लिहून कशाला, आपण घरचेच” असे कोणी म्हणाले, तर घरच्यांशीही लिहूनच करावे.

दुसरी जोडी ‘नॉमिनी’ आणि ‘एअर’. हा दुसरा शब्द लिहिताना आरंभी ‘एच’ असतो, पण त्याचा उच्चार होत नाही, अर्थ वारस. ‘नॉमिनी’ म्हणजे नामनिर्देशित व्यक्ती. बँकेत थोरल्या मुलाचे नाव लावले, म्हणजे पैसा थोरल्याचाच झाला, अशी समजूत घरोघरी आहे आणि तीवरून सख्खे भाऊ एकमेकांच्या दारी जाईनासे झालेले आम्ही पाहिले आहेत. वास्तविक नामनिर्देशित माणसाने रक्कम स्वीकारावयाची. ती कोणाची, हे वारसाहक्काचा कायदा किंवा मृत्युपत्र ठरविते. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या रकमेबाबत हे १९८३ साली सांगितले आणि कंपन्यांच्या भागांबाबत २०२३ साली पुन्हा सांगितले. मध्यंतरी २०१५ साली विम्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांच्यासाठी वेगळी तरतूद आली आहे. म्हणून विम्याचा कागद जाणकाराला दाखवूनच निर्णय करावा. थोडक्यात, एक शब्द हात दाखवितो, दुसरा हक्क दाखवितो. ज्याच्या हाती पैसा आला त्याचाच तो झाला, असे नव्हे.

आणखी एक जोडी सांगून हा भाग संपवितो. ती आपल्या राज्यघटनेच्या इतिहासातील आहे. ‘कन्सल्टेशन’ म्हणजे सल्ला घेणे, ‘कन्करन्स’ म्हणजे संमती मिळणे. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्रपतींनी सरन्यायाधीशांशी ‘कन्सल्टेशन’ करून करावी, असे घटनेच्या १२४ व्या कलमात आहे. घटना समितीत १९४९ च्या मे महिन्यात असा प्रश्न निघाला, की तेथे ‘कन्करन्स’ हा शब्द का घालू नये? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते मानले नाही. सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी तेही तुमच्याआमच्यासारखे माणूसच, त्यांच्या हाती नकाराधिकार देणे धोक्याचे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. १९८१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सल्ला म्हणजे संमती नव्हे असे धरले. १९९३ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ते बदलून सरन्यायाधीशांच्या मताला प्राधान्य दिले. वाद कोणाच्या बाजूने सुटावा हे सांगण्याची आमची योग्यता नाही. परंतु दोन शब्दांमधील अंतरावर देशातील सर्वांत विद्वान माणसे चाळीस-पन्नास वर्षे भांडत राहिली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आणि ज्ञातिबंधूंनो, हीच जोडी आपल्या घरात रोज वावरते आहे. आपल्या मंडळातर्फे वधूवर मेळावे भरतात. स्थळ पाहून झाल्यावर मुलीला चार वडीलधाऱ्यांच्या देखत विचारावयाचे, “काय ग, पसंत आहे ना?” तिने मान खाली घातली, की होकार समजून पेढे वाटावयाचे! हे ‘कन्सल्टेशन’ झाले. ‘कन्करन्स’ कोठे आहे? विचारणे म्हणजे संमती मिळणे नव्हे. जिला ‘नाही’ म्हणण्याची सोय ठेवली नाही, तिच्या ‘हो’ला काय अर्थ? आमच्या एका विद्यार्थिनीने, वर्गात इंग्रजीत पहिली येणाऱ्या मुलीने, लग्नानंतर काही वर्षांनी भेट झाली असता आम्हाला म्हटले होते, “गुरुजी, मला विचारले होते हो. पण माझे उत्तर कोणाला हवे नव्हते.” या वाक्याचे व्याकरण आम्हाला अजून तपासता आलेले नाही.

इतका वेळ इंग्रजीचे गुण गाइले म्हणून आपली मराठी उणी आहे, असा कोणी ग्रह करून घेऊ नये. इंग्रजाला काका, मामा, आत्याचे यजमान आणि मावशीचे यजमान या चौघांना मिळून ‘अंकल’ हा एकच शब्द आहे. ‘उष्टे’ आणि ‘खरकटे’ यांतील भेद त्याला वाक्य लिहूनच सांगावा लागेल. १८३१ साली मोल्सवर्थसाहेबांनी मराठीचा मोठा इंग्रजी कोश प्रसिद्ध केला आणि १८५७ साली तो वाढवून पुन्हा काढला. मराठीच्या एकेका शब्दासाठी त्यांना कित्येकदा ओळीच्या ओळी इंग्रजी लिहावी लागली आहे. तो कोश उघडून पाहिला म्हणजे आपल्या भाषेची श्रीमंती परक्या माणसाने मोजून दिल्याचे समाधान मिळते.

सर्वांत मोलाची मराठी जोडी आम्ही शेवटासाठी राखून ठेवली आहे. इंग्रजीत ‘वी’ हा एकच शब्द आहे. मराठीत त्याचे दोन होतात: ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही जेवायला जातो’ म्हटले, की ऐकणारा बाहेर राहिला. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटले, की ऐकणारा पंक्तीत आला. इतका मोठा भेद इंग्रजाच्या सर्वनामात मावत नाही. या व्याख्यानात आम्ही जुन्या वळणाप्रमाणे स्वतःला ‘आम्ही’ म्हणत आलो. शेवटचे चार शब्द मात्र ‘आपण’ म्हणून बोलण्याची अनुज्ञा असावी.

आपल्या ज्ञातीत आज शिकलेली मुले पुष्कळ आहेत. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी सुरू झाले, आणि अनेकांची मुले तर इंग्रजी माध्यमातच शिकली. पण त्याच घरातील आजी बँकेच्या कागदावर अंगठा उमटविते आणि काका न वाचता सही करतात. मुलगा शेजारच्या खोलीत असतो. त्याला कोणी हाक मारीत नाही, आणि तोही होऊन बाहेर येत नाही. आपण एवढे करू या. घरात आलेला कोणताही छापील कागद शिकलेल्या मुलाने वा मुलीने मोठ्याने वाचावा, वडीलधाऱ्यांना त्याचा अर्थ मराठीत सांगावा, आणि जो शब्द कळला नाही त्यावर खूण करून ठेवावी. कळला नाही असे म्हणण्यात लाज नाही. लाज कशात आहे ते आम्ही पाटल्या गहाण ठेवून शिकलो आहोत.

खूण केलेले शब्द घेऊन यावयाला जागाही हवी. चिटणिसांशी आमचे बोलणे झाले आहे. येत्या महिन्यापासून दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा आम्ही ज्ञातिगृहाच्या पडवीत बसणार आहोत. आम्ही वकील नाही, कायद्याचा सल्ला देणार नाही. ज्ञातीतील दोन तरुण वकिलांनी मात्र महिन्यातून एकदा येण्याचे मान्य केले आहे. आम्ही फक्त कागद वाचून दाखवू आणि सही करण्यापूर्वी त्या जागेवर कोणता शब्द छापला आहे एवढे सांगू. शब्दकोश आमचा, चहा मंडळाचा, आणि कागद आपला.